पंचवीस मैलांच्या आत एक सुईतज्ज्ञ

बुधवार, १३ मार्च २००२

मी, राजेश्वर गुंडप्पा मेनकुदळे, बी.कॉम. (द्वितीय श्रेणी, १९७०), वय वर्षे त्रेपन्न पूर्ण, मौजे दिंद्रुड, तालुका माजलगाव येथील भांड्यांचा व्यापारी व बसव जयंती उत्सव समितीचा चिटणीस, ही रोजनिशी आजपासून सुरू करीत आहे. हेतू एकच : माझ्या डाव्या खांद्याच्या किरकोळ अडचणीचे पद्धतशीर निवारण व त्याची तारीखवार नोंद. वाचक : मी स्वतः. अन्य कोणी वाचू नये म्हणून वही जुन्या विक्रीकराच्या फायलीत ठेवीत आहे. ती फाईल कार्यालयातही कोणी उघडली नव्हती.

अडचणीचे स्वरूप : डावा हात वर नेताना खांदा किंचित संकोच करतो. दिवाळीपासून. यास दुखणे म्हणता येणार नाही. कूस बदलताना तोंडून जो आवाज निघतो, तो सवयीचा आहे.

तातडीचे कारण : काल महाशिवरात्रीच्या कीर्तनानंतर मठाच्या महाराजांनी जाहीर केले की यंदा बसव जयंतीस, म्हणजे १५ मे रोजी, गावातील अकरा मुलांना लिंगदीक्षा होईल. अकरांत माझी नात शिवांजली आहे (वय आठ). आमच्या लिंगायतांत इष्टलिंग, म्हणजे गळ्यात बांधलेले छोटे शिवलिंग, डाव्या तळहातावर घेतात, हात छातीसमोर उचलतात, नजर त्यावर स्थिर करतात, आणि मग हात हलू देत नाहीत. मुलांचा सराव घेणे व त्या दिवशी सर्वांसमोर बसून करून दाखवणे हे काम गेली चौदा वर्षे माझ्याकडे आहे. माझा हात पाव तास तसूभर हलत नाही, अशी ख्याती आहे. शिवांजली आजच शाळेत सांगून आली की, आमच्या आजोबांचा हात म्हणजे भिंतीतला कोनाडा.

शिल्लक दिवस : त्रेसष्ट. पुरेसे आहेत. घरात कोणासही कळू द्यायचे नाही.

गुरुवार, १४ मार्च

माजलगावच्या हाडांच्या डॉक्टरांना भेटून आलो. घरी सांगितले की स्टोव्हच्या पिना आणायला गेलो होतो.

डॉक्टर म्हणाले, खांदा गोठला आहे. रक्तातील साखर तपासून घ्या. भिंतीवर बोटे चढवण्याचा व्यायाम रोज करा. मी विचारले, किती तारखेपर्यंत बरा होईल? म्हणाले, सहा महिने लागतील, वर्षही लागेल, सांगता येत नाही.

ज्यास तारीख देता येत नाही त्याचे अंदाजपत्रक मी स्वीकारीत नाही. शिवाय भिंतीवर बोटे चढवणे हा उपचार नसून पालीचा दिनक्रम आहे. पुन्हा जाणार नाही.

शनिवार, १६ मार्च

दुकानाची फेरमांडणी केली. वरच्या फळीवरील सर्व घागरी, हंडे व पातेली खाली जमिनीवर आणली. उद्देश : ग्राहकाची सोय.

छबुबाई हंडा घ्यायला आल्या होत्या. म्हणाल्या, "वर कावून काय न्हाई हो सावकार? दुकान बसल्यावानी दिसायलंय." खाली ठेवलेला माल नीट पारखता येतो, असे मी त्यांस समजावले. त्यांनी माझ्या खांद्याकडे पाहिले असे वाटले. बहुधा मागच्या कॅलेंडरकडे पाहिले असावे.

रविवार, १७ मार्च

वर्तमानपत्राच्या रविवारच्या पुरवणीत अर्धा रकाना मजकूर : ॲक्युपंक्चर. चिनी शास्त्र, हजारो वर्षांचे. एका गृहस्थाचा खांदा तीन वर्षे अडकलेला. पायाच्या नडगीवर एक सुई टोचताच त्याच बैठकीत हात डोक्यावर. शेवटी लिहिले होते, अधिक माहिती इंटरनेटवर उपलब्ध.

निश्चय : अधिक माहिती मिळवणे. सर्व.

सोमवार, १८ मार्च. दुपारी ४

माजलगावच्या सुनिताबाईंची टायपिंग इन्स्टिट्यूट आता सायबर कॅफे झाली आहे. आठ मशिनींच्या जागी दोन कॉम्प्युटर. उरलेल्या मशिनी झाकून कोपऱ्यात. बाई चष्मा लावून मागे उभ्या राहतात व टायपिंग चुकले की पूर्वीप्रमाणेच टेबलावर पट्टी मारतात.

पहिले पान उघडण्यास अकरा मिनिटे. अर्धे उघडले तोच फोन वाजला व लाइन तुटली. फोन सुनिताबाईंच्या भावजयीचा होता, लोणच्याच्या मिठाबद्दल. पुन्हा अकरा मिनिटे.

एकूण तीन वेबसाइटी पाहिल्या. शरीरावर ३६१ बिंदू आहेत. दुसरीच्या मते ३६५. तिसरीच्या मते दोन हजारांवर. तपशिलात फरक आहे, पण बिंदू आहेत याविषयी तिघींचे एकमत आहे, ही समाधानाची बाब.

गुरुवार, २१ मार्च

सात वेबसाइटींचा तुलनात्मक तक्ता केला. फूलस्केप कागद, लाल व निळी शाई.

निष्कर्ष : (१) खांद्याच्या बिंदूचे नाव 'मोठे आतडे पंधरा' असे आहे. कारण दिलेले नाही. (२) खांद्यासाठीचा सर्वोत्तम बिंदू नडगीवर आहे. त्याचे नाव 'पोट अडतीस'. येथेही कारण दिलेले नाही. (३) डावा खांदा असल्यास सुई उजव्या पायास. दोन वेबसाइटींच्या मते डाव्याच. (४) बैठका : एक, दहा, किंवा 'रुग्णानुसार'.

मापाचे एकक म्हणजे रुग्णाच्या स्वतःच्या अंगठ्याची रुंदी. माणसागणिक बदलणारे एकक आमच्या वजनमापे निरीक्षकांनी दुकानातून जप्त केले असते. तरीही शास्त्राचा मान राखून अंगठा मोजला : २.१ सेंटीमीटर. शिवम्मा (पत्नी) दारात उभी होती. म्हणाली, "अंगठा कावून मोजायलेत? कोन सही मागायलंय का?"

सर्व सात वेबसाइटींच्या तळाशी एकच वाक्य आहे : ही माहिती केवळ माहितीसाठी असून पात्र तज्ज्ञाचा सल्ला घ्यावा. सातही ठिकाणी एकमत असलेला हा एकमेव मुद्दा. त्यामुळे तो मानलाच पाहिजे. आता तज्ज्ञ शोधणे.

मंगळवार, २६ मार्च

तज्ज्ञांची डिरेक्टरी सापडली! पिन कोड टाकला की पंचवीस मैलांच्या आतील सर्व सुईतज्ज्ञांची नावे. काय ही व्यवस्था! आमच्या व्यापारी महासंघाच्या यादीत मयत सभासद अजून वर्गणीदार आहेत.

अडचण एकच आली. आपला पिन कोड सहा आकडी. डिरेक्टरीतील चौकट पाचच आकडे घेते. शेवटचा आकडा गौण मानून सोडला. असे संक्षेपीकरण वाणिज्य शाखेत मान्य आहे.

निकाल : एक नाव. सी. ली, परवानाधारक, ११४ ईस्ट मेन स्ट्रीट.

पंचवीस मैल म्हणजे चाळीस किलोमीटर. जिल्ह्याचा नकाशा पसरून, शिवांजलीच्या कंपासने दिंद्रुड केंद्र धरून वर्तुळ काढले. (डाव्या हाताने नकाशा दाबून धरता येईना, त्यावर पितळी तांब्या ठेवला.) आत माजलगाव, तेलगाव, धारूर, परळी. चिनी मनुष्य माजलगावात असता तर मला माहीत असता. परळीस औष्णिक वीज केंद्र आहे. उदारीकरणानंतर परदेशी तंत्रज्ञ येतात-जातात. त्यांतल्या एखाद्या चिनी इंजिनिअरसोबत त्याचा वैद्य भाऊ येणे अगदी स्वाभाविक. ईस्ट मेन स्ट्रीट म्हणजे मेन रोड, पूर्व बाजू.

उत्तर जुळले की मनास जी शांतता मिळते ती निराळीच.

बुधवार, २७ मार्च

एस.टी.डी. बूथवरून ली यांचा क्रमांक फिरवला. हा क्रमांक अस्तित्वात नाही, असे बाईचा आवाज म्हणाला. परळीचे एक्स्चेंज बदलत असावे. समक्ष जाणे उत्तम.

सोमवार, १ एप्रिल

मुलांचा सराव सुरू. रोज सायंकाळी सहा, मठाच्या ओट्यावर. लिंगाऐवजी तळहातावर लिंबू. मी हातात फूटपट्टी घेऊन प्रत्येकाची उंची तपासतो : तळहात हृदयाच्या रेषेत, कोपर अंगास न टेकता. हरिबाचा नातू म्हाळू याचे लिंबू चार वेळा पडले. पाचव्या वेळी त्याने ते खाल्ले.

शिवांजली म्हणाली, "आजोबा, तुमी एकदा करून दाखवा ना."

मी सांगितले की शिकवणाऱ्याने सरावात करून दाखवायचे नसते. ते दीक्षेच्या दिवशीच पाहायचे. असा नियम यापूर्वी नव्हता, पण असायला हवा होता. ती माझ्याकडे बराच वेळ पाहत राहिली. मग लिंबू तळहातावर घेऊन सरावाला लागली. समजूतदार मुलगी.

शनिवार, ६ एप्रिल. रात्री ९

परळी.

घरी सांगितले : वैजनाथाचे दर्शन. सकाळच्या बसने निघालो. तक्ता, नकाशा, अंगठ्याचे माप, धुतलेले धोतर (नडगी उघडी करण्यास सोयीचे) सोबत.

मेन रोडच्या पूर्व बाजूस ११४ क्रमांक नाही. कोणताच क्रमांक नाही. पानपट्टीवाल्यास विचारले की येथे चिनी तज्ज्ञ कोठे बसतात. त्याने पान लावता लावता शेजारच्यास हाक मारली, "ए बे, चायनीजवाला कुटं उभारायलाय आजकाल?" म्हणजे माणूस सर्वज्ञात आहे. माझा तर्क बरोबर ठरल्याचा तो क्षण मी विसरणार नाही.

स्टेशनच्या कोपऱ्यावर लाल रंगाची हातगाडी. तीवर ड्रॅगन काढलेला. शेपटीला वैजनाथाची घंटा बांधलेली. मालक बिभीषण, मूळ सिरसाळ्याचा. मी म्हणालो, मला चिनी तज्ज्ञ हवे आहेत. तो म्हणाला, "मंग मीच की. अख्ख्या परळीत दुसरा कोन न्हाई, काका. हाफ का फुल?"

मी खांद्याबद्दल विचारले. कढई हलवत म्हणाला, "खांदा? माझा बी गेलाय, ह्येच्यापायी. लई ठणकतो. तुमाला कोन भेटलं तर मला बी सांगा बरं का."

भाजीच्या व अंड्याच्या कढईत पळी एकच असल्याचे दिसल्याने खाण्यास नकार दिला. वैजनाथाचे दर्शन घेण्याचे गडबडीत राहिले.

घरी शिवम्माने विचारले, "वैजनाथाला गेलतात ना? मंग बेल न्हाई, अंगारा न्हाई, आन अंगाला सोया सॉसचा वास कसा काय?"

सोया सॉस हा शब्द हिला कोठून माहीत?

सोमवार, ८ एप्रिल

सुनिताबाईंनी स्क्रीन खाली सरकवून दाखवले. तळाशी बारीक अक्षरात : ओहायो. म्हणाल्या, "मेनकुदळे काका, हे अमेरिकेतलं हाय. तिथले पिन पाचच आकडी असतेत. तुमचा आकडा तिथं जाऊन पडला." आणि टेबलावर पट्टी मारली.

चूक डिरेक्टरीची आहे. देशाचे नाव शीर्षस्थानी असावयास हवे होते. मी शेवटचा आकडा सोडला हे खरे, पण तो मागितला असता तर दिला असता.

शिल्लक दिवस : सदतीस. पुरेसे आहेत.

मंगळवार, ९ एप्रिल

अमेरिकेच्या डिरेक्टरीचा नाद सोडला. स्वदेशी डिरेक्टरी शोधण्याचा निश्चय.

खांद्याचा संकोच किंचित वाढला आहे. सदऱ्याची डावी बाही आधी घालायची व उजवी नंतर, अशी नवी पद्धत बसवली. संगमेश (मुलगा) म्हणाला, "बाबा, मी मदत करू का?" कशात, असे विचारल्यावर तो दुकानाची किल्ली घेऊन निघून गेला.

सोमवार, १५ एप्रिल

सापडला! भारतीय डिरेक्टरी, राज्यवार, जिल्हावार, वर्णानुक्रमे. बीड जिल्हा : नोंद एक. डॉ. शहादेव पोकळे, ॲक्युपंक्चर, मु. कडा, ता. आष्टी. अनुभव बारा वर्षे. देश स्पष्ट. जिल्हा स्पष्ट. मनुष्य मराठी.

खाली सूचना : येथील नोंदी सभासदांनी स्वतः भरलेल्या असून त्यांची पडताळणी केलेली नाही. हा विनय मला आवडला. खोटे बोलणारा असे कशाला छापील?

सुनिताबाई म्हणाल्या, "काका, आदी एक कार्ड टाका त्यांना. माणूस हाय का न्हाई ते तर बगा." मी म्हणालो, बारा वर्षांचा अनुभव असलेला माणूस असणारच, नसलेल्या माणसास अनुभव येत नाही.

रविवार, २१ एप्रिल. रात्री १०.३०

कडा.

पहाटे निघालो; बीडला एक व आष्टीला एक अशा दोन बसगाड्या बदलल्या. साखर कारखान्याचा हंगाम संपलेला, रस्त्यावर शुकशुकाट. डॉ. पोकळे यांचा दवाखाना विचारला तर तिघांनी मान हलवली. चौथा म्हणाला, "शादेव व्हय? त्यो काय, त्याच्या रसवंतीवर."

कडुलिंबाखाली रसवंती. चरकाला घुंगरू बांधलेले. शहादेव पोकळे, वय चाळिशीचे, बनियनवर. मी नमस्कार करून डिरेक्टरीचा कागद पुढे केला. त्यांनी तो दोनदा वाचला व घुंगरू थांबवले.

"आरं तिच्या! ह्ये आजून हाय व्हय त्यात?" ते म्हणाले. "मेव्हण्याच्या पोरानं भरलतं पुण्यात बसून. गंमत म्हनून."

मी विचारले, आपण डॉक्टर आहात ना? म्हणाले, त्या फॉर्मात मिस्टर खाली होते, डॉक्टर वर होते. पोराने वरचे दाबले. बारा वर्षांचा अनुभव? "कोर्स करून बारा वर्सं झाली की, साहेब. धा दिवसाचा कोर्स. सर्टिफिकेट हाय, दाखवू?" रुग्ण किती तपासले? "एक. मेव्हना. त्यो आजून बोलत न्हाई."

सुया?

"हायत की! पन गंजल्यात."

सात वेबसाइटींपैकी पाच निर्जंतुक, एकदाच वापरायच्या सुयांचा आग्रह धरतात. मी ठामपणे नकार दिला. मग मी माझा तक्ता बाहेर काढला. शहादेवरावांनी तो कौतुकाने पाहिला व म्हणाले, "तुमाला तं माझ्यापरीस जास्त म्हाईत हाय. तुमी सांगा, मी दाबतो." सुईऐवजी दाबही चालतो, असे तिसऱ्या वेबसाइटीवर होतेच.

धोतर वर घेतले. गुडघ्यापासून आठ अंगठे खाली, म्हणजे माझ्या एककाने १६.८ सेंटीमीटर; टेपने मोजून खूण केली. उसाच्या कांडीचे सोललेले टोक शहादेवरावांनी त्या बिंदूवर ठेवून अंगभार दिला, आणि त्याच वेळी माझा डावा हात धरून वर ढकलला. मी ओरडलो. रस प्यायला आलेले दोघे ग्लास ठेवून निघून गेले.

परंतु हात चार इंच अधिक वर गेला! शहादेवरावांनी ढकलल्यामुळे नव्हे. त्यांनी केवळ दिशा दिली. नोंद : एका बैठकीत चार इंच. रोज एक याप्रमाणे चोवीस बैठका शिल्लक. चार गुणिले चोवीस बरोबर शहाण्णव इंच, म्हणजे आठ फूट. माझ्या गरजेपेक्षा कितीतरी अधिक.

त्यांनी पैसे घेतले नाहीत. उलट दोन ग्लास रस पाजला, लिंबू-आलं घालून. निघताना म्हणाले, "साहेब, त्ये माझं नाव तेवडं काढायला सांगा की. मागं लातूरहून एक म्हातारी आलती लेकाचा हात धरून. फुकट हेलपाटा झाला बिचारीचा. मला रातभर झोप न्हाई." त्यांना कळवण्याचे आश्वासन दिले. डिरेक्टरीवर नाव भरण्याचे बटण आहे. काढण्याचे पाहिले नाही.

सोमवार, २९ एप्रिल

बिंदूवर रोज पहाटे वीस मिनिटे दाब. साधन : लाटण्याचे टोक. प्रगती मोजली नाही. मोजल्याने मनावर दडपण येते.

शुक्रवार, ३ मे

उजव्या नडगीवर जांभळा डाग. किंचित लंगडतो. शिवम्मा म्हणाली, "आता पाय बी? आदी तं निस्ता..." आणि थांबली. मी विचारले, निस्ता काय? म्हणाली, "काय न्हाई. जेवा."

लाटणे सापडत नाही. हिने लपवले असावे.

मंगळवार, ७ मे

सराव उत्तम. दहा मुलांचे तळहात हृदयाच्या रेषेत, पाव तास, लिंबू स्थिर. म्हाळूचेही. शिवांजलीचा हात तर फूटपट्टी लावावी इतका सरळ. माझ्यावर गेली आहे.

सराव संपल्यावर ती मुलांना मठामागे घेऊन गेली व काहीतरी समजावत होती. मी जवळ जाताच सगळी गप्प. नेतृत्वगुण.

मंगळवार, १४ मे. रात्री ११

उद्या.

दार लावून एकट्याने तालीम केली. तळहातावर लिंबू ठेवून हात उचलला. पुढील नोंद नंतर करीन.

रात्री ११.४०. लिंबू पलंगाखाली गेले. हात नाभीच्या वर दोन बोटे, तेथून पुढे नाही. आणखी नेला तर काय होते, ते शेजारच्या खोलीत ऐकू गेले असावे. तरी कोणी काही विचारले नाही.

पर्याय विचारात घेतले : (१) ताप आल्याचे कळवणे. (२) उजवा हात. अशास्त्रीय. (३) कोपराखाली तांब्या. दिसेल. (४) महाराजांना खरे सांगणे.

पर्याय क्रमांक पाच : उद्यापर्यंत बिंदूचा परिणाम एकदम दिसणे. दोन वेबसाइटींच्या मते परिणाम कधी कधी उशिरा व एकदम दिसतो. हाच ग्राह्य धरतो.

बुधवार, १५ मे. बसव जयंती. रात्री ८

संपूर्ण यश.

मठाचे आवार भरलेले. महाराज म्हणाले, "मेनकुदळे, तुम्ही पुढं बसा. लेकरं तुमच्याकडं बघून करतील." माझ्यासमोर अकरा मुले दोन रांगांत, कपाळी ताजी विभूती, गळ्यात नवी लिंगे. शिवांजली पहिल्या रांगेत मधोमध. मागे बायाबापड्या, आईबाप, सगळे गाव.

इष्टलिंग तळहातावर घेतले. हात उचलला. नाभीच्या वर दोन बोटांवर तो थांबला. मी थांबवला असे म्हणू.

डोळे वर करण्याचे धैर्य क्षणभर झाले नाही. केले तेव्हा पाहतो तो काय : अकराही मुलांचे हात नाभीच्या वर दोन बोटांवर! एका ओळीत. एकाचाही वर नाही, खाली नाही. म्हाळूचा चुकून जरा वर गेला तर शिवांजलीने त्याच्याकडे नुसते पाहिले, लगेच खाली आला. पाव तास कोणी हलले नाही. मीही नाही.

चौदा वर्षांत अशी एकसमानता कधी साधली नव्हती. याचा अर्थ, उंची हा गौण भाग असून स्थैर्य हेच मुख्य, हे मी न सांगता मुलांना उमगले. शिकवणाऱ्याची खरी कसोटी ती हीच. महाराजांचा हातही मध्येच खाली आल्यासारखा वाटला. पण त्यांचे वय झाले आहे.

पुढील वर्षी फूटपट्टीची खूण दोन बोटांवर आणण्याचा प्रस्ताव समितीपुढे ठेवणार.

गुरुवार, १६ मे. दुपारी २

सकाळी प्रस्तावाचा मसुदा शिवम्मास वाचून दाखवला. तिने हातातले निवडण्याचे सूप खाली ठेवले.

म्हणाली, "अहो, गप ऱ्हा आता. नातीनं केलंय ते."

मी विचारले, काय केलंय?

तिने सांगितले ते जसेच्या तसे नोंदवतो. शिवांजलीने मुलांना मठामागे बजावले होते की, आजोबांचा हात पोटापर्यंतच येतो. त्या दिवशी कोणी त्याच्यावर हात नेला तर गाठ माझ्याशी आहे. मग चार दिवस आमच्याच न्हाणीघरात, मी दुकानात असताना, अकराही जणांनी खालच्या उंचीचा वेगळा सराव केला. म्हाळूला सर्वात जड गेले, कारण मी वरची उंची इतकी पक्की बसवली होती.

मी विचारले, महाराजांना कोणी सांगितले? म्हणाली, "मी. ते म्हनले, बरं. मी बी खालीच धरीन."

मग गावातील आणखी कोणाकोणाला माहीत होते? तिने सूप पुन्हा उचलले. निवडता निवडता म्हणाली की संक्रांतीला मी गुळपोळीचे ताट उजव्या हाताने डाव्या हाताला उचलून दिले, तेव्हापासून घरात सर्वांना माहीत आहे. छबुबाईंना दुकानावरून कळले. सोया सॉसचे संगमेशला परळीच्या एका गिऱ्हाइकाने सांगितले. आणि विक्रीकराची फाईल ती दर शनिवारी पुसते.

म्हणजे ही वही तिने वाचली आहे. सर्व.

मी विचारले, मग तू काही बोलली का नाहीस? म्हणाली, "तुमी तिच्यात लिवलं हाय ना, कोनाला कळू द्यायचं न्हाई म्हनून. मंग मी न्हाई कळू दिलं."

आता शिवांजली ओसरीवर एकटीच बसली आहे. गळ्यातले नवे लिंग काढून डाव्या तळहातावर घेतले आहे, आणि आज हात वर आहे, हृदयाच्या रेषेत, जसा शिकवला तसा. मी दारातून पाहिले. तिने पाहिले की मी पाहतो आहे, आणि हात हळूच खाली घेऊ लागली.

मी म्हणालो, खाली घेऊ नकोस.

ती म्हणाली, "पन आजोबा, तुमचा..."

मी म्हणालो, माझा वर जात नाही. तुझा जातो.

हे वाक्य मोठ्याने प्रथमच बोललो, म्हणून येथेही लिहून ठेवतो. किरकोळ, किंचित, संकोच हे शब्द मागील सर्व नोंदींतून रद्द समजावेत. माझा डावा हात वर जात नाही.

राजेश्वर गुंडप्पा मेनकुदळे, बी.कॉम.
दिंद्रुड, १६ मे २००२